बटण उशिरा दाबलं म्हणे!

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. डोकं मात्र तापलेलं आहे, आणि ते कशाने तापलं ते आज लिहून टाकते. विषय ऐकून काहीजण लगेच पान बंद करतील, तर करोत. विषय असा की काँप्युटर सुरू होत असताना आपण एखादी कळ दाबतो आणि तो ढिम्म ऐकत नाही, तर हा दोष कोणाचा?

मला आजवर मिळालेलं उत्तर एकच आहे. दोष बोटांचा. भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मावशी, तू एफ-२ उशिरा दाबतेस गं." मदतकेंद्रातल्या मुलीने हिंदीतून सांगितलं की मॅडम, भराभर दाबत राहा, थांबू नका. आणि दुरुस्तीवाला पोरगा हसून म्हणाला, "काकू, ह्या वयात होतं असं."

ह्या तिसऱ्या वाक्याने माझी झोप उडाली. मी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांत. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकाला उत्तर आलं नाही तर तो मुलगा कच्चा. अडतीस मुलांना आलं नाही तर प्रश्न नीट विचारला गेला नाही, किंवा विचारणारा घाईत होता. हे बीएड न झालेल्या माणसालाही कळतं. इथे ज्याला विचारावं त्याची बोटं उशिरा पडलेली. माझ्या नातवाचीसुद्धा! तो सतरा वर्षांचा आहे आणि मोबाइलवर त्याची बोटं दिसत नाहीत इतकी पळतात. त्यालाही आत शिरायला सहा वेळा बंद-चालू करावं लागलं. मग वयाचं काय घेऊन बसलात?

ज्यांना ह्या कळांची कधी गरजच पडली नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगते. काँप्युटरचं बटण दाबल्याबरोबर विंडोज जागं होत नाही. त्याच्या आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम उठतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, हल्लीच्या नव्या अवताराला यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, डिस्क, पडदा, की-बोर्ड ह्यांची हजेरी घेतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. ही हजेरी चालू असते तेवढ्या वेळातच एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट अशी एखादी कळ दाबून आत शिरता येतं. विंडोज बिघडलंय, पेनड्राइव्हवरून काँप्युटर सुरू करायचाय, घड्याळ मागे पडलंय, अशा सगळ्या कामांची वाट ह्याच दारातून जाते. रोज कोणी तिथे जात नाही. पण घर पेटलं की मागच्या दाराची आठवण होतेच ना.

पूर्वी ह्या दारावर पाटी असायची. आमच्या शाळेत पहिला काँप्युटर आला तेव्हा काळ्या पडद्यावर खाली पांढऱ्या अक्षरांत लिहून यायचं की सेटअपसाठी डिलीट दाबा. इंग्रजीत का होईना, पण लिहिलेलं असायचं, आणि वाचून होईपर्यंत ते तिथे थांबायचं. की-बोर्डची पिन गोल आणि जांभळी, माऊसची हिरवी. शिपाईमामासुद्धा न चुकता लावत. त्या काळातला एक विनोद पुष्कळांना आठवत असेल, की-बोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-१ दाबा! आम्ही हसायचो. आज वाटतं, निदान काय बिनसलंय ते तो बिचारा सांगत तरी होता.

आणखी मागे जाऊ. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यातली कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तीन कळांची जोडी डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने बसवली. तीन कळा अशा लांब लांब निवडल्या की चुकून हात पडून काँप्युटर पुन्हा सुरू होऊ नये. म्हणजे हा माणूस यंत्र करताना माणसाच्या हाताचा विचार करत होता. मला आजच्या तक्रारीत एवढंच म्हणायचंय की हा विचार मधेच कुठेतरी गळून पडला.

कुठे गळला तेही सांगता येतं. मे २०१२ मध्ये, विंडोज ८ यायच्या आधी, मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी जाहीरपणे लिहिलं होतं की नव्या वेगवान यंत्रांवर एफ-८ ऐकायला विंडोजपाशी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरतो. २०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्याला काही दिसल्यावर बोट हलायलाच धडधाकट तरुण माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे ज्यांनी यंत्र केलं त्यांनीच मोजून सांगितलं होतं की हे माणसाच्या आवाक्यातलं नाही. मग दहा-बारा वर्षांनी मला कोणी "उशिरा दाबलं" म्हणावं हे कसं सहन करायचं?

बरं, त्यावर उपाय काय केला? त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि त्यात एफ-८ची जुनी सोय मुळातच बंद ठेवलेली होती. नवी वाट अशी की विंडोज चालू करा, शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्टवर टिचकी मारा, म्हणजे दुरुस्तीचा निळा पडदा येईल. अहो, पण विंडोज चालू होत असतं तर दुरुस्ती कशाला हवी होती! दवाखान्यात यायचं असेल तर आधी बरे होऊन या, असं झालं हे. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकलं नाही तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो, हे खरं आहे. त्याचा जाणकार लोकांनी काढलेला अर्थ असा की विंडोज उठत असताना पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून त्याचा गळा आवळायचा, असं दोन-तीनदा करायचं, मग ते शरण येतं. आयुष्यभर मुलांना सांगितलं, यंत्र नीट बंद करा, मधेच स्विच ओढू नका. आता ओढा म्हणतात.

त्यात आणखी एक मेख आहे. तुम्ही 'शट डाउन' म्हणता तेव्हा काँप्युटर पूर्ण बंद होतोच असं नाही. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यात विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच उचलून आणतात. त्यामुळे 'बंद करून चालू करा' ह्या जुन्या औषधाचा पुष्कळदा गुण येत नाही. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं तर मात्र तो खराखुरा बंद होऊन उठतो, किंवा शिफ्ट धरून शट डाउन केलं तर. शब्दाचा अर्थच उलटा केला! मराठीच्या पेपरात कोणी असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

आता की-बोर्डकडे येते, कारण खरी गोम पुष्कळदा तिथेच असते आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. हल्लीचे की-बोर्ड यूएसबीचे. यूएसबीवर काय जोडलंय ते ओळखायला त्या चिपमधल्या प्रोग्रामला थोडा वेळ द्यावा लागतो. जाहिरातीत 'इतक्या सेकंदांत सुरू' असं छापायचं म्हणून 'फास्ट बूट' चालू करून देतात, आणि त्यात कित्येक मदरबोर्ड ही ओळखपरेड चक्क टाळतात. विंडोज येईपर्यंत की-बोर्ड मेलेलाच असतो. तुम्ही एफ-२ एकदा दाबा नाहीतर शंभरदा दाबा. ब्लूटूथचा बिनतारी की-बोर्ड असेल तर त्याची जोडणी साधारणपणे विंडोजच्या आत होते, तेव्हा त्याच्याआधी तो मुकाच. लॅपटॉपवर आणखी तिसराच प्रकार. वरच्या ओळीतल्या एफ-कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला दिलेल्या असतात, एफ-२ म्हणून चालवायच्या तर 'एफएन' नावाची कळ सोबत दाबावी लागते. म्हणजे आपण समजतो आपण एफ-२ दाबलं, आणि काँप्युटर समजतो बाईंना उजेड कमी हवाय.

ह्यातलं काय कोणाच्या बोटांच्या वेगावर अवलंबून आहे, सांगा बरं?

माझ्या काँप्युटरचं निदान शेवटी अगदी साधं निघालं. बिनतारी की-बोर्ड काढला, माळ्यावरचा जुना तारेचा की-बोर्ड काढून पुसला, आणि तो पुढच्या निळ्या खाचेत न लावता मागे थेट मदरबोर्डवरच्या काळ्या यूएसबी खाचेत लावला. (काही जुन्या मदरबोर्डवर निळी, म्हणजे यूएसबी ३ची खाच सुरुवातीला काम करत नाही.) मग विंडोजमधून शिफ्ट-रीस्टार्ट करून यूईएफआयच्या सेटिंगमध्ये शिरले, फास्ट बूट बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी एफ-२ पहिल्याच दाबाला चाललं. बोटं तीच, सत्तरी ओलांडलेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. माझी एक जुनी सहकारी आहे, सिडकोतच राहते, माझ्याच वयाची. तिने पैठण आणि गंगापूरकडच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या पंधरा-सोळा वर्षं गोळा केल्या होत्या. आधी वह्यांत, मग काँप्युटरवर. वह्या एका पावसाळ्यात भिजल्या, पण काँप्युटरवर सगळं आहे म्हणून तिने मनाला लावून घेतलं नाही. मागच्या उन्हाळ्यात लाईट सारखी ये-जा करत होती, त्यात एक दिवस विंडोज अर्ध्यावर अडकलं. तिने सांगितलेल्या सगळ्या कळा दाबल्या. मुलाने व्हिडिओ कॉलवरून सांगितलं, तशाही दाबल्या. काही होईना. दुकानात नेलं. तिथल्या माणसानेही दोन-चार वेळा कळ दाबून पाहिली, आत जाता येईना, आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारावा लागेल." ती विचारत होती की माझं लिखाण राहील ना. तो म्हणाला, बघतो. संध्याकाळी काँप्युटर नव्यासारखा कोरा होऊन परत आला.

आत शिरता आलं नाही म्हणून फॉर्मॅट. ह्या वाक्यात मला जे दिसतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून हा लेख. तिची डिस्क शाबूत होती. ती काढून तीन-चारशे रुपयांच्या केबलने दुसऱ्या काँप्युटरला जोडली असती तर ओव्या उतरवून घेता आल्या असत्या. किंवा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, पण त्यासाठीही तेच दार उघडावं लागतं. ज्या बायकांनी त्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक आता नाहीत. दुकानदारावर मी आग पाखडत नाही. त्याच्यापुढे रोज वीस यंत्रं येतात, प्रत्येकाची कळ वेगळी, आणि फॉर्मॅट हे एकच औषध सगळ्यांना चालतं. माझा राग ज्यांनी दार भिंतीच्या रंगाने रंगवलं त्यांच्यावर आहे.

कळ वेगळी म्हणजे किती वेगळी ते पाहा. डेलच्या यंत्रांना एफ-२ आणि एफ-१२. एचपीला एस्केप, मग एफ-१०, नाहीतर एफ-९. लेनोवोला एफ-१ किंवा एफ-२, शिवाय काही लॅपटॉपना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक छिद्र. जुळवलेल्या काँप्युटरला बहुधा डिलीट, मग बूट मेनूसाठी कुठे एफ-११ तर कुठे एफ-१२. एसटीचा ब्रेक प्रत्येक आगारात वेगळ्या जागी असता तर आपण चालवून घेतलं असतं का?

आमचं गाव दरवाजांचं. बावन्न म्हणतात, आज उभे त्याहून पुष्कळ कमी. पण मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा कुठे आहे हे कोणाला विचारावं लागत नाही. बंद असेल तर बंद दिसतो, उघडा असेल तर उघडा. माणसाला चकवणारी वाट आमच्याकडे एकच, देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी. ती शत्रूसाठी केलेली होती. पैसे मोजून यंत्र घेतलेल्या गिऱ्हाइकाला कोणी अंधारीतून नेत नसे.

दुसरी बाजू मला माहीत नाही असं नाही. पुतण्या ह्याच धंद्यात आहे, तो माझ्याशी तासभर भांडला. त्याचं पहिलं म्हणणं, "काकू, पूर्वी काँप्युटर उघडायला दोन मिनिटं लागायची तेव्हा तूच कुरकुरायचीस." कुरकुरायचे. पण दोन मिनिटं आणि पाव सेकंद ह्यांच्या मधे पुष्कळ जागा आहे. तीन सेकंद पाटी दाखवा, कोणाचं काय जळतंय? त्याचं दुसरं म्हणणं जास्त वजनदार होतं. दार सगळ्यांना दिसलं तर चोरालाही दिसेल, कोणीही पेनड्राइव्ह लावून तुमच्या फायली वाचेल. हे बरोबर आहे. पण ह्यावर उत्तर कुलूप आहे, दार लपवणं नाही. आणि कुलूप तर त्यांनी घातलेलंच आहे. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून नव्या काँप्युटरची डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. आतलं काही सेटिंग बदललं तर ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसलेली असते, आणि माझ्या ओळखीच्या दहा माणसांत एकालाही हे ठाऊक नव्हतं. तेव्हा नातेवाइकांनो, वर मी सांगितलेले उद्योग करण्याआधी ती किल्ली वहीत उतरवून घ्या. वहीत, काँप्युटरवर नव्हे!

फक्त एका कंपनीला झोडपायचं असंही नाही. फुकट मिळणारं उबुंटू लिनक्स मला आवडतं, पण तेही एकटंच बसवलेलं असलं की सुरुवातीची यादी लपवतं. ती पाहायला नव्या यंत्रांवर एस्केप, जुन्यांवर शिफ्ट, तेही योग्य क्षणी. उलट ॲपलने २०२० नंतरच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये हा कळांचा खेळच बंद केला. पॉवरचं बटण दाबूनच धरायचं, पर्याय येत असल्याचं पडद्यावर दिसलं की सोडायचं. ना क्षण गाठायचा, ना की-बोर्ड ओळखायचा. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. मॅकच्या किमती मी इथे काढत नाही, विषय भरकटेल.

आणि मराठी? संगणकावर देवनागरी नाही असं म्हणायचे दिवस गेले. १९९१ला युनिकोडची पहिली आवृत्ती आली तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय लिप्यांचं सरकारी मानक निघालं, त्यात इनस्क्रिप्ट की-बोर्ड आहे. यूईएफआयच्या मानकात अनेक भाषांची सोय ठेवलेली आहे. मी पाहिलेल्या सेटिंगच्या पडद्यांवर फ्रेंच, चिनी, जपानी, रशियन होत्या. मराठी एकातही नव्हती. घर पेटल्यावर मागच्या दाराची पाटी आठ कोटींहून जास्त लोकांच्या भाषेत असू नये? (विंडोजच्या दारातही एक खाच आहे. मराठी की-बोर्ड बसवला असेल तर कधी कधी पासवर्ड मराठीत उमटतो, पण ठिपके दिसत असल्याने कळत नाही, आणि पुन्हा दोष बोटांना. कोपऱ्यात 'मरा' दिसलं तर विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजी करा. ते 'मरा' वाचून मला पहिल्यांदा जरा लागलंच होतं.)

हे सगळं आत्ताच का, असं कोणी विचारेल. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. घरोघरी धडधाकट काँप्युटर आहेत ज्यांना आता भंगार म्हणायला सुरुवात झाली आहे. लिनक्स घातलं तर ते आणखी काही वर्षं निवांत चालतील. शाळांना देता येतील, आमच्या तालुक्यांत तर नक्की. पण लिनक्स घालायला पेनड्राइव्हवरून सुरू करावं लागतं, आणि तिथे ती कळ चालावी लागते. म्हणून ही कळ आता फक्त माझ्यासारख्या रिकामटेकड्या म्हातारीची डोकेदुखी राहिलेली नाही.

२४ डिसेंबर २०२२ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, शेतीची अवजारं आहेत, घरातली उपकरणं आणि वाहनं आहेत. चांगली गोष्ट. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसता सुटा भाग मिळण्याचा हक्क नव्हे, दार कुठे आहे ते कळण्याचाही हक्क. मी माझ्या यंत्राच्या कंपनीला तीन मागण्यांचं पत्र धाडलंय. कोणती कळ ते यंत्राच्या पाठीवर छापा. सुरू होताना तीन सेकंद तेच पडद्यावर दाखवा. आणि फास्ट बूट बंद करून विका, ज्याला घाई आहे तो चालू करील. उत्तर इंग्रजीत आलं, जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा म्हणून. त्यांना दुसरं पत्र गेलंय, मराठीत, रजिस्टर्ड.

तोवर आपल्यातल्या ज्यांचा काँप्युटर अडला असेल त्यांनी दुकानात फॉर्मॅटला हो म्हणण्याआधी मला फोन करा. माळ्यावरचा तो तारेचा की-बोर्ड सध्या बीडला चुलत नणंदेकडे गेलाय, परवा येईल. कोणाकडे आणखी एखादा जुना पडून असेल तर दिवाळीला येताना घेऊन या, एकाने पुरत नाहीये.